फटफटीचं काळीज, मोटारीचं अंग

संपादक मंडळाचा फोन आला तेव्हा त्यांची अपेक्षा साधी होती. "तू इतिहासाचा माणूस. पेण-रोह्याच्या इतिहासावर चार पानं दे." म्हणजे सांकशीचा किल्ला, मिरगड, मिठागरं, विनोबांचं गागोदं, नाहीतर रोह्याचे चिंतामणराव देशमुख. या सगळ्यांवर आपल्याकडे भरपूर लिहून झालं आहे, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहून झालं आहे. मी हो म्हणालो आणि आठवडाभर काहीच लिहिलं नाही. मग आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचं एक जुनं संभाषण वर-खाली करताना हा विषय सापडला. विषय आहे घरी बनवलेल्या गाडीचा. अर्धी मोटार, अर्धी मोटरसायकल. किल्ल्यांच्या शेजारी तो बसेल की नाही, ते वाचकांनी ठरवावं.

डिसेंबर 2021 मध्ये ग्रुपवर कोणीतरी एक व्हिडिओ टाकला होता. तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे गाव, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार आपल्या बुटक्या जीपशेजारी उभे राहतात, फटफटीला मारावी तशी किक मारतात आणि जीप सुरू होते. फॅब्रिकेशनचं काम करणाऱ्या या माणसाने भंगारातले भाग जमवून, मुलाच्या हौसेखातर, साधारण साठ हजार रुपयांत ती गाडी उभी केली होती. व्हिडिओ आनंद महिंद्रांपर्यंत पोहोचला. त्यांनी जाहीरपणे सांगितलं की ही गाडी कुठल्याच नियमात बसत नाही, पण या माणसाच्या कल्पकतेचं कौतुक वाटतं. ती रस्त्यावर आज ना उद्या अडवली जाईल, तेव्हा ती आम्हाला द्या, आम्ही त्या बदल्यात नवी बोलेरो देऊ. जानेवारी 2022 मध्ये तशी अदलाबदल झाली.

ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. अंगठे, हार, फुलं, सगळं. अमेरिकेतल्या आपल्या दोन इंजिनिअर मित्रांनी 'जुगाड' या शब्दावर छोटी भाषणंही दिली. एकानेच काही लिहिलं नाही. तो म्हणजे आपला गॅरेजवाला. नाव लिहू नकोस असं त्याने बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही. पण पेण ते वडखळ ज्याची गाडी कधी ना कधी बंद पडली आहे त्याला कोण ते कळेल. दोन दिवसांनी त्याचा मला एकट्याला निरोप आला. "सगळे वाहवा करतायत. त्याने डिफरन्शियल कुठलं घातलं, हे कोणीच विचारत नाही."

या प्रश्नापासून हा लेख सुरू होतो.

आठवीत आपल्याला निवड करायला सांगितली होती ते आठवतं का? संस्कृत की टेक्निकल. हुशार मुलं संस्कृतकडे गेली, कारण त्यात मार्क पडायचे. उरलेले टेक्निकलला. तिथे कार्यशाळेत लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून कानशीने घासत बसायचं. चारही कडा काटकोनात हव्यात; गुण्या लावला की कडेखालून उजेड दिसता कामा नये. आपण संस्कृतवाले खिडकीतून बघून हसायचो. गॅरेजवाल्याचा तुकडा सरांनी नमुना म्हणून कपाटात ठेवला होता, हे मला या वर्षी कळलं. पन्नास वर्षं मी त्याचा वर्गमित्र आहे.

तर, डिफरन्शियल. त्याच्याकडून जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो. मोटरसायकलच्या मागे एकच चाक, त्याला साखळी लावली की काम झालं. मोटारीच्या मागे दोन चाकं. गाडी वळते तेव्हा बाहेरचं चाक लांबचा फेरा घेतं, आतलं जवळचा. दोन्ही एकाच दांड्यावर घट्ट बसवली तर वळणावर एक चाक फरफटत जातं, टायर झिजतो, गाडी सरळच जायला बघते. दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी दातेरी चाकांची पेटी म्हणजे डिफरन्शियल. फटफटीचं इंजिन मोटारीच्या अंगात घालणाऱ्या प्रत्येकाला या पेटीपाशी थांबावं लागतं. त्यापुढे आणखी अडचणी असतातच. फटफटीला रिव्हर्स गिअर नसतो. तिचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. ते बॉनेटखाली कोंडलं की तापतं, मग पंखा बसवा. क्लच हाताचा, तो पायाखाली आणा. ब्रेक दीडशे किलोच्या गाडीसाठी बनवलेले, आणि आता वजन त्याच्या तिप्पट. इंजिन कुठेही मिळतं, म्हणाला तो, पण थांबवणं आणि वळवणं हेच खरं काम.

आता गंमत अशी, की हीच कोडी जगात फार मोठ्या लोकांनी सोडवली आहेत. मोटारगाडीचा इतिहास उघडला की पहिल्याच पानावर अशी मिश्र गाडी दिसते. कार्ल बेंझने 1886 मध्ये पेटंट घेतलेली गाडी तीन चाकांची होती आणि तिची ताकद एका अश्वशक्तीहून कमी. 1910 च्या आसपास इंग्लंड आणि फ्रान्समध्ये 'सायकलकार' नावाची लाटच आली. मोटरसायकलचं इंजिन, हलका सांगाडा, दोन माणसांची जागा. मॉर्गन कंपनीने पुढे दोन चाकं आणि मागे एक असा आराखडा केला आणि डिफरन्शियलचा प्रश्न मुळातच काढून टाकला. सुरुवातीच्या मॉर्गनला रिव्हर्स गिअरही नव्हता. मागे घ्यायची तर उतरून ढकला. इंग्लंडमध्ये हलक्या तीनचाकीला मोटारीचा नव्हे तर मोटरसायकलचा कर लागायचा, म्हणून ती खपायची. 1922 मध्ये ऑस्टिन सेव्हन ही छोटी पण खरी चारचाकी बाजारात आली आणि सायकलकारचा बाजार उठला.

दुसऱ्या महायुद्धानंतर खिसे पुन्हा रिकामे झाले आणि ही जात पुन्हा जन्माला आली. बीएमडब्ल्यूची इसेटा, 1955 सालची, अंड्याच्या आकाराची, दार पुढून उघडणारी. तिच्यात बीएमडब्ल्यूच्याच मोटरसायकलचं एका सिलिंडरचं इंजिन होतं. मागची दोन चाकं इतकी जवळजवळ बसवली होती की डिफरन्शियलची गरज राहिली नाही. हे मी गॅरेजवाल्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हे मला तेव्हा कळलं असतं तर." 'तेव्हा' म्हणजे कधी, ते पुढे येईल.

आपल्या रस्त्यांवरची वाहनं आठवा. 'टेम्पो' हा शब्द आपण इतका मराठी करून टाकला आहे की तो एका जर्मन कारखान्याचं नाव आहे हे कोणाच्या लक्षातही नसतं. जर्मनीत 1928 मध्ये दोनशे सीसीपर्यंतच्या वाहनांना कर आणि परवाना माफ झाला, आणि हाम्बुर्गच्या टेम्पो कारखान्याने तीन चाकी मालवाहू गाड्या काढल्या. आधीच्या नमुन्यांत तर ती सरळसरळ मोटरसायकल होती, पुढे माल ठेवायचा हौदा लावलेली. 1958 मध्ये फिरोदियांच्या बजाज टेम्पोने त्याच कारखान्याच्या सहकार्याने भारतात तीनचाकी टेम्पो बनवायला घेतला. तिकडे इटलीत 1948 मध्ये पियाजिओने व्हेस्पा स्कूटरचा पुढचा भाग घेऊन मागे हातगाडी जोडल्यासारखी 'आपे' काढली. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. रिक्षास्टँडवरच्या अ‍ॅपेचं कूळ हे असं आहे. आणि आपली मिनीडोअर! मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना हा शब्द कळत नाही. पेण, अलिबाग, रोह्याकडच्या माणसाला मात्र तो एसटी या शब्दाइतकाच घरचा. बजाज टेम्पोने आपल्या तीनचाकीला दिलेलं नाव इथल्या जिभेवर बसलं आणि कंपनीचं नाव बदललं तरी हललं नाही.

हमरापूर-जोह्याचे गणपती पेंढ्यात बसवून मुंबईला नेणारे टेम्पो हे माझं सगळ्यात जुनं वाहनदर्शन आहे. ही सगळी वाहनं अर्धी हे आणि अर्धी ते. फरक एवढाच की ती कारखान्यातून आली, म्हणून त्यांना कोणी जुगाड म्हणत नाही.

कारखान्याबाहेरही भारतात अशी वाहनं झाली. महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटरसायकली दिल्लीत फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या हाती पडल्या. त्यांच्या मागे बाकडी जोडून 'फटफट' टॅक्स्या तयार झाल्या आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्या धावल्या. सौराष्ट्रात बुलेटचं तोंड आणि मागे गाडा असा छकडो शेतमालाबरोबर अख्खं गाव वाहून नेत असे. उत्तरेकडचा जुगाड म्हणजे तर पाणी उपसायच्या इंजिनावर चालणारी बैलगाडीच.

पण मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते इचलकरंजीला. तिथले शंकरराव कुलकर्णी. त्यांनी 1949 मध्ये दोन माणसांची छोटी मोटार स्वतः बनवून रस्त्यावर आणली. शिक्षण शाळेपुरतंच. नाव ठेवलं 'मीरा'. ते एका नमुन्यावर थांबले नाहीत. पुढची वीसहून अधिक वर्षं ते गाडी सुधारत राहिले, स्प्रिंगांऐवजी रबरावर तोललेली चाकं बसवली, इंजिन बदललं, बैठक वाढवली. बारा हजार रुपयांत सामान्य माणसाला मोटार द्यायची, असा त्यांचा हिशेब होता. मीरा ही भंगार जोडून केलेली गाडी नव्हती, म्हणून ती आपल्या विषयात काटेकोरपणे बसत नाही हे मला मान्य आहे. पण एका माणसाने आपल्या हाताने मोटार केली तर तिचं पुढे काय होतं, या प्रश्नाचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उत्तर तीच आहे.

काय झालं? काही नाही झालं. गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही, कारण कारखानाच झाला नाही.

इथे थोडं धोरण समजून घ्यावं लागतं. 1951 च्या उद्योग कायद्याने ठराविक उद्योगांना सरकारी परवाना सक्तीचा झाला. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्यांनी बाजार सोडावा, गाडी इथेच बनवण्याचा कार्यक्रम असलेल्यांनीच राहावं. मुंबईत शिवडीला 1928 पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स त्यानंतर निघून गेली. त्या काळात देशाचे अर्थमंत्री होते आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख. हे धोरण एकट्या अर्थमंत्र्याचं नव्हतं, आणि परकीय चलनाच्या टंचाईत ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण परवान्याचा दरवाजा मोठ्या भांडवलाच्या मापाने बनवला होता, आणि इचलकरंजीचा कारागीर त्यातून आत जाणं कठीण होतं, हेही खरं. 1970 मध्ये संजय गांधींना वर्षाला पन्नास हजार छोट्या गाड्यांचं इरादापत्र मिळालं. त्यांच्या त्या कंपनीतून बाजारात गाडी आली नाही; कंपनी बुडाली. सरकारने मारुती उद्योग उभा केला, सुझुकीला बोलावलं आणि 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली. कुलकर्णींची मीरा तोपर्यंत आठवणीत गेली होती.

गॅरेजवाल्याचं 'तेव्हा' साधारण याच काळातलं. दहावीनंतर तो आयटीआयला गेला, मग नाक्यावर दुसऱ्याच्या गॅरेजात राबला आणि मग स्वतःचं टाकलं. अपघातात चेपलेली एक फियाट त्याच्याकडे बिलापोटी पडून राहिली होती आणि एका जुन्या मोटरसायकलचं चांगलं इंजिन हाताशी होतं. त्याने फियाटचा पत्रा कापून अंग आखूड केलं, स्टिअरिंग आणि पुढची चाकं तिचीच ठेवली आणि मागे मोटरसायकलचं इंजिन बसवून ताकद एकाच चाकाला दिली. दुसरं मागचं चाक मोकळं. डिफरन्शियलवरचा त्याचा तोडगा हा. एका पहाटे तो नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोह्याला जाऊन आला. चढावर पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने गेली, म्हणतो, पण गेली. डाव्या वळणावर छान वळायची आणि उजव्या वळणावर भांडायची. रोह्यात कुंडलिकेच्या पुलापाशी थांबून त्याने इंजिन गार होईपर्यंत चहा घेतला. भोवती गर्दी जमली. त्यात आपले एक सर होते, सेवानिवृत्त होऊन रोह्याला राहिलेले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढंच विचारलं, "ब्रेक लागतात का?"

लागत होते, पण लागायला वेळ घेत होते. हे त्याने सरांना सांगितलं. सर म्हणाले, "मग हळू जा."

गाडी नोंदवायचा विचार त्याने केला होता. रायगड जिल्ह्याचं परिवहन कार्यालय पेणलाच. एमएच 06 या पाटीचं गाव आपलंच. म्हणजे तेव्हा जिल्ह्यातल्या कुठल्याही गाडीला गाडी म्हणून ओळख द्यायची ती पेणने. पण तो कार्यालयाची पायरी चढलाच नाही. कारण तोपर्यंत 1988 चा मोटार वाहन कायदा आला होता आणि त्याने तो कोणाकडून तरी वाचून घेतला होता. नोंदणीशिवाय रस्त्यावर गाडी आणता येत नाही, आणि नोंदणीपुस्तकातल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी फेरफार कलम 52 नुसार चालत नाही. नवा नमुना असेल तर तो चाचणीला द्यावा लागतो, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत. ती 1966 पासून आहे. एका गाडीसाठी एवढा खर्च कोण करणार? पंचवीस सीसीपर्यंतच्या, चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला कायदा मोटार वाहन मानतच नाही. "म्हणजे माझ्यासाठी कायद्यात बरोबर मोपेडएवढी जागा होती," तो म्हणाला. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तर स्पष्टच केलं की जुगाडसुद्धा मोटार वाहनच आहे. नोंदणी, विमा, परवाना सगळं लागेल.

मला वाटलं होतं तो कायद्याला नावं ठेवील. त्याने ठेवली नाहीत. मुंबई-गोवा महामार्गावर त्याने आयुष्यभर चेपलेल्या गाड्या ओढून आणल्या आहेत, आणि त्यांच्यात कोण बसलं होतं हेही त्याने पाहिलं आहे. "माझ्या गाडीचे ब्रेक ज्या दिवशी लागले नसते त्या दिवशी समोर कोण असतं, सांग." गाडी त्याने स्वतःच सोडवली. इंजिन विकलं, चाकं एका हातगाडीला गेली, पत्रा भंगारात दिला. त्या गाडीचा एकही फोटो नाही. त्या वेळी पेणमध्ये कॅमेरा लग्नाला आणायचे, गॅरेजात नाही.

माझं मत थोडं वेगळं आहे, आणि ते इथे नोंदवतो. कायदा योग्य आहे, हे मान्य. पण 'अडवणं' आणि 'बघणं' यांत फरक आहे. लोहारांची जीप अडवली जायच्या आधी कोणीतरी मोठ्या माणसाने ती पाहिली. आणि पाहणाऱ्याच्या मालकीचा मोटारीचा कारखाना होता, हा योगायोग. कुलकर्णींकडे लोकांनी पाहिलं, वर्तमानपत्रांनी पाहिलं, तरी पुढे काही घडलं नाही. आपल्या मित्राकडे एका निवृत्त मास्तरांनी पाहिलं आणि अगदी नेमका प्रश्न विचारला. माझ्या मते त्या तीन शब्दांत एआरएआयच्या निम्म्या चाचण्या येतात. तसा प्रश्न विचारणारा आणि उत्तर ऐकून पुढचं सांगणारा कोणी जिल्ह्याच्या गावात असावा, इतकंच.

आपल्या शाळेच्या सभागृहात गुणवंतांच्या पाट्या आहेत. दहावीत पहिले आलेले, शिष्यवृत्ती मिळवलेले. मीही एकावर आहे, 1970 च्या दशकातल्या, खालून दुसरा. टेक्निकलची पाटी नाही. मेळाव्याच्या समितीसमोर मी हा विषय काढला तेव्हा एकाने विचारलं की त्यावर लिहिणार काय, त्यांचे मार्क तर कोणाला आठवत नाहीत. मी म्हटलं, तो लोखंडाचा तुकडा शोधा. कपाट हलवलं गेलं आहे, कार्यशाळेच्या जागी आता संगणक कक्ष आहे. पण शाळेच्या शिपाईमामांनी अडगळीची खोली उघडून देण्याचं कबूल केलं आहे.

परवा गॅरेजवर गेलो होतो, लेखातलं डिफरन्शियल बरोबर लिहिलं आहे का ते तपासून घ्यायला. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं, दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि कागद परत दिला. मग लोहारांच्या जीपचा तो व्हिडिओ पुन्हा उघडला. गाडी वळते त्या जागी थांबवला, बोटांनी मोठा केला, आणि मागच्या चाकांकडे बघत म्हणाला, "रिक्षाचं असणार. रिक्षाचं असेल तर रिव्हर्सचाही प्रश्न सुटला. मला हे सुचायला हवं होतं रे." मग त्याने हात पुसले आणि बाहेर उभ्या मिनीडोअरच्या खाली शिरला.